सात वर्षांचं फूल

“मामू, कुणी केलं ते सांगा, तंगडंच मोडतो त्याचं!” वजीर दारातूनच कडाडला.

जैनोद्दीन मास्तरांनी टेबलाकडे बोट दाखवलं. तिथल्या जाड कागदावर वाळकी फांदी चिकटवलेली होती. खाली मास्तरांच्या अक्षरातली चिठ्ठी, वर फुलाच्या जागी भुसा.

निलगिरी डोंगराच्या माथ्यावरचं हे झुडूप सात वर्षांनी एकदाच फुलतं. ग्रंथांनी त्याला कारवीच्या प्रजातीत घातलेलं. मास्तर म्हणत, गोतच वेगळं; कारवीला पुंकेसर चार, याला दोन. याचा निवाडा करायला दुपारी पुण्याचे परीक्षक नळदुर्गच्या कॉलेजात येणार होते. फूल नाही, तर मास्तर खोटारडे. पुढच्या बहरापर्यंत नोकरीही संपलेली.

वजीरनं सोलापूरहून आणलेले खासगी गुप्तहेर कल्याणप्पा भिंग घेऊन वाकले. “अळी जिवंत आहे.”

“मग तिनंच खाल्लं की, अप्पा!”

“कीर्तनात मधेच उठतोस का रे? बस.”

शिपाई बलभीम म्हणाला, “कपाटाची किल्ली खिळ्यालाच असती, कुणीबी घ्यावी. पर म्या न्हाय शिवत. मास्तर फांद्या रसकापराच्या पाण्यात बुडवत्यात. लई जहर!”

फांद्या चिकटवणारी अयोध्या म्हणाली, “मी तर हातमोजे घालते.”

जुन्या वर्गीकरणावर पुस्तक लिहिलेले प्राध्यापक शिवशरण मागाहून काखेत फांद्यांचा गठ्ठा घेऊन आले आणि हसले. “निव्वळ हयगय! कपाटात डांबराच्या गोळ्यासुद्धा नाहीत.”

“तुमच्या फांद्यांना कीड लागते?” कल्याणप्पांनी विचारलं.

“एखादीला. चालायचंच.”

वजीरच्या मुठी आवळल्या.

दुपारी परीक्षकांसमोर कल्याणप्पा उभे राहिले. “पूर्वरंग झाला, आता कथा ऐका. रसकापरातल्या फांदीवर अळी जगत नाही. म्हणजे ही फांदी मास्तरांची नव्हे, चिठ्ठी तेवढी त्यांची. हे सोंग जहराची खबर नसलेल्यानंच रचलं. बलभीमला खबर होती, अयोध्येला होती. गोळ्यांवर भागवणारा, घरची किडकी फांदी असणारा एकच. शिवशरण, तुमचा गठ्ठा सोडा.”

शिवशरणांचा चेहरा उतरला. गठ्ठ्यात, कोऱ्या कागदाच्या घडीत, अख्खं फूल होतं.

“जाळायला हात धजला नाही,” ते पुटपुटले.

वजीर झेपावला. मास्तरांनी त्याला मागं ओढलं. त्यांचा आवाज थरथरत होता, पण रडण्यानं नव्हे.

“मारू नको. शिवशरण, हे भिंग घ्या. सात वर्षं थांबलो मी. आता सगळ्यांदेखत पुंकेसर मोजा. मोठ्यानं!”

“एक...” शिवशरण म्हणाले. “दोन...”

“पुढं?” मास्तर गरजले. “पुढं मोजा की!”