छत्री मिटा, नाव सांगू नका

"छत्री मिटा! आधी मिटा ती!"

जिन्याच्या वरच्या अंधारातून आवाज आला आणि शू-निंग इतकी दचकली की हातातली पिवळी छत्री फटकन मिटली. छत्रीवरचं सगळं पाणी तिच्याच बुटांत गेलं.

"घरात कुणी छत्री उघडून ठेवतं का? तेही सातव्या महिन्यात!"

आवाजामागोमाग एक तरुण पायऱ्या उतरून उजेडात आला. पावसाने चप्प बसलेले केस, गळ्यात कॅमेरा, आणि कॅमेऱ्याने शहाण्यासारखं वागावं, बिघडू नये म्हणून तिकडच्या रिवाजाप्रमाणे त्याला रबरबँडने बांधलेलं मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट. डोळे मात्र... असो. डोळ्यांचं नंतर बघू, असं शू-निंगने स्वतःला बजावलं.

"मी चिउ मावशींच्या दुकानाची नवी पाटी करतेय," ती म्हणाली. "माप घ्यायला आले होते. माझं नाव त्सा—"

"नाव नको!" त्याचा तळहात तिच्या ओठांपासून वीतभर अंतरावर येऊन थांबला. त्याला पावसाचा आणि उदबत्तीचा वास होता. "माफ करा हं. पण या घरात नाव नका सांगू. वरच्यांनी ऐकलं की ते लक्षात ठेवतात."

"वरचे म्हणजे?"

"भाऊबंद," तो कुजबुजला.

चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात भुतं मोकळी फिरतात, म्हणून तेव्हा भुताला भूत म्हणत नाहीत, भाऊबंद म्हणतात. शू-निंगच्या आजीनेही तिला हेच शिकवलं होतं. तरी तिला हसू आलं. ते ओठांवर पोचायच्या आतच वरून ऐकू आलं... ठक्. ठक् ठक्.

तिने जे हाताला लागलं ते घट्ट धरलं. ती त्याची बाही होती, आणि बाहीच्या आतला हात तिच्याहून जास्त थरथरत होता.

"तुम्हीपण घाबरता?"

"रोज घाबरतो," तो म्हणाला. "माझं पोटच त्यावर आहे."

झपाटलेली म्हणून बदनाम असलेली घरं, बंद पडलेली हॉटेलं, जुने बोगदे यांत कॅमेरा घेऊन शिरायचं, मनापासून घाबरायचं आणि ते इंटरनेटवर टाकायचं, हा त्याचा धंदा. सातवा महिना म्हणजे त्याची ऐन सुगी. चिउ मावशींच्या दुकानावर त्यांच्या सासूबाईंची खोली होती. सासूबाई गेल्यापासून तिला कुलूप होतं, पण आतून साचा आपटल्यासारखी ठकठक येते असं कीलुंग बंदरातली ती अख्खी गल्ली शपथेवर सांगत होती.

साचा म्हणजे कासवाचा. दुकानात तांदळाच्या उकडीची लाल कासवं मिळत, आत मुगाचं गोड पुरण आणि पाठीवर लाकडी साच्याची नक्षी. देवाला, बारशाला, साठीला बंदरावरचे लोक पूर्वी इथूनच टोपल्या भरून नेत. आता तरुण मुलं दुकानासमोरून कानात गाणी घालून निघून जायची. म्हणून मावशींनी शू-निंगला बोलावलं होतं. नवी पाटी, नवं पाकीट, नवी पिशवी.

शू-निंगचं स्वतःचं असं हे पहिलंच काम. तैपेईच्या एका मोठ्या कंपनीत ती शांपूच्या बाटल्यांच्या सावल्या रंगवत बसायची. एके दिवशी तिने राजीनामा दिला आणि आईला फोनवर सांगितलं, "मी माझं स्वतःचं काढणार." तैनानहून आई म्हणाली, "काढ बाई. एक काम धड झालं तर मी तोंडातून शब्द काढणार नाही. नाही झालं, तर मुकाट्याने घरी यायचं आणि मामाच्या फरश्यांच्या दुकानात बसायचं." मामा चांगला होता, पण फरश्या बघूनच तिला झोप यायची.

सातव्या महिन्यात नवं काही मांडत नाहीत, म्हणून पाटी आठव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी लागायची होती. कासवाचं चित्र मावशींना आवडलं. "छान आहे गं पोरी," त्या म्हणाल्या आणि लगेच वर बोट दाखवलं. "पण मला आवडून काय उपयोग? दुकान सासूबाईंचं. त्यांचा कौल मिळाल्याशिवाय मी भिंतीत खिळासुद्धा ठोकणार नाही."

वर, त्या बंद खोलीच्या बाहेर, देव्हाऱ्यात सासूबाईंची तसबीर होती. तिच्यापुढे लाकडाच्या दोन लाल चंद्रकोरी ओंजळीत धरायच्या, प्रश्न विचारायचा आणि खाली सोडायच्या. एक उताणी, एक पालथी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या पडल्या तर नकार. आणि दोन्ही उताण्या पडल्या, तर पितर नुसते हसतायत. मोठ्या कामाला लागोपाठ तीन होकार लागतात.

शू-निंग गुडघ्यांवर बसली. प्रश्न मनात म्हणताना नाव जिभेवर आलं होतं, पण जिन्यावरचा तो तळहात आठवला आणि तिने ते गिळलं. मावशींनी ओळख करून दिलीच असेल की!

चंद्रकोरी खाली पडल्या. दोन्ही उताण्या.

"हसल्या," मावशी म्हणाल्या. "दुसरं काढ."

पावसाने त्या महिन्यात उसंत म्हणून घेतली नाही. रोज दुपारी शू-निंग वरच्या खिडकीशी बसून नवं कासव काढायची, आणि तो खोलीच्या दाराशी कॅमेरा लावून ठकठकीची वाट बघायचा. खालून उकडीची वाफ यायची. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळायचं आणि त्या पाण्यातून दिसणारं बंदर, जहाजं, क्रेन सगळं विरघळल्यासारखं दिसायचं. अशा वेळी पेन्सिल कागदावर टेकलेली असायची आणि शू-निंग कुठे असायची कोण जाणे.

"छत्री," तो हळूच म्हणायचा. तिला तो छत्रीच म्हणायचा. "कासवाला पापण्या असतात?"

"कुठे काढल्यात मी पापण्या?"

"या काय... लाजतंय ते."

"ते लाजत नाहीये. तुमच्या कॅमेऱ्याला कंटाळलंय. मी इथे जीव तोडून दुकान चकचकीत करतेय, आणि तुम्ही त्याला भू... भाऊबंद चिकटवताय."

"मावशींची परवानगी आहे. त्या म्हणाल्या, घाबरायला येईना का गिऱ्हाईक, जाताना कासव तर घेऊन जाईल."

एकदा तिने आपलं कार्ड काढलं. स्वतःच्या हाताने घडवलेलं, कोपऱ्यात पावसाचा एकच थेंब. पण त्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"लिहिलेलं नावही नावच. इथलं काम होईपर्यंत तुम्ही छत्री, मी भूतवाला. आणि रस्त्यात मागून कुणी पूर्ण नावाने हाक मारली तर वळायचं नाही हं. हा महिना वाईट. वळलं की आपण त्याचे झालो."

"हाक मारणारा आवडता असला तर?"

तिच्या तोंडून निघून गेलं खरं... आणि मग दोघेही उगाचच कॅमेऱ्याकडे बघत बसले. हिरवं पाकीट तेवढं मजेत होतं.

चित्रं मात्र एकामागून एक हसण्यावारी जात होती. साधं कासव, नक्षीदार कासव, हसरं कासव. प्रत्येक वेळी दोन्ही चंद्रकोरी उताण्या. नकार आला असता तर निदान चूक शोधता आली असती. या हसण्याचं काय करायचं ते शू-निंगला कळेना. आपल्याला हे काम येतच नाही, ही भीती तिच्या मनात घर करून बसली. आईचा फोन आला की ती पावसाच्या आवाजाचं निमित्त करून लवकर ठेवून द्यायची.

एका सकाळी ती दुकान उघडायच्या वेळी पोचली, तर तो जिन्यातच बसलेला.

"सापडलं," तो म्हणाला. चेहरा मात्र काही सापडलेल्या माणसाचा नव्हता. "खोलीच्या मागच्या खिडकीला बाहेरून बांबूचा पडदा आहे. त्याची दोरी तुटलीय. समुद्राकडून वारा आला की पडद्याची काठी चौकटीवर आपटते. एक गाठ मारली की संपलं."

"मारलीत गाठ?"

"मारणारच होतो. तेवढ्यात पडदा वाजला आणि खालून मावशी ओरडल्या, 'हो हो आई, उठलेय, तांदूळ वाटायला घेतेय!'" त्याने वर बघितलं. "रोज बोलतात त्या. मग माझा हातच झाला नाही."

"आणि तुमची फिल्म?"

"भाऊबंद नाहीत म्हणून दाखवलं तर मावशींची सासू जाते. आहेत म्हणून दाखवलं तर खोटं होतं. नाही करत. सुगीचं एक पोतं कमी, दुसरं काय!"

बाहेर पाऊस बारीक झाला होता. शू-निंग त्याच्याकडे बघत राहिली. घाबरट, अंधश्रद्धाळू, चपट्या केसांचा हा मुलगा आपल्याला आवडतो, फार आवडतो, हे तिला तिथे जिन्याच्या तळाशी लख्ख कळलं. तिला रडूही आलं, कारण महिना संपत आला होता.

"तू वेडा आहेस," ती म्हणाली. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नाही.

"तूही," तो म्हणाला. त्याला मात्र नीट कळलं होतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी शू-निंगने पहिलंच चित्र पुन्हा आणलं. तेच तिला मनापासून आवडलं होतं. एकाच रेषेत काढलेलं, मान वर करून पावसाकडे बघणारं कासव. मावशी उदबत्ती लावून शेजारी उभ्या राहिल्या. तो दाराशी होता, कॅमेरा बंद करून.

चंद्रकोरी पडल्या. दोन्ही उताण्या.

शू-निंगने त्या उचलल्यासुद्धा नाहीत. "राहू दे मावशी," ती म्हणाली. "त्यांना माझं काम हसण्यासारखंच वाटतं. जुनीच पाटी ठेवा. मी उद्या तैनानला जाते."

दाराशी उभा असलेला तो एक पाऊल पुढे आला आणि तिथेच खिळला. मावशी मात्र चंद्रकोरींकडे निरखून बघत होत्या.

"पोरी, तू विचारतेस तरी काय?"

"हेच की... हे चित्र पाटीवर लावू का?"

"त्याच्या आधी? नाव, जन्मतारीख, पत्ता?"

शू-निंगने जीभ चावली. देवापुढे कौल लावताना आधी स्वतःची ओळख सांगायची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"नाव सांगितलं नाहीस?" मावशींनी कपाळावर हात मारला. "अगं, ना ओळख ना पाळख, कोण कुठली मुलगी रोज येऊन कासव दाखवते म्हटल्यावर म्हातारी हसणार नाही तर काय करणार? कुणी शिकवलं तुला हे शहाणपण?"

शू-निंगने दाराकडे बघितलं. दाराशी उभ्या असलेल्या माणसाचे कान कासवाइतके लाल झाले होते.

"तो तुझा नियम अनोळखी भुताखेतांसाठी!" मावशी त्याच्यावर कडाडल्या. सातव्या महिन्याचं भानही त्यांना राहिलं नाही. "सासूबाई काय परक्या आहेत? घरच्यांपासून कसलं नाव लपवायचं? सांग गं पोरी. मोठ्याने सांग."

शू-निंगने डोळे मिटले. मागे तो श्वास रोखून ऐकतोय, हे तिला न बघताही कळत होतं. म्हणून की काय, तसबिरीशी बोलताना तिचे गाल तापले.

"आजी... मी त्साओ शू-निंग. राहणार देवळाच्या रस्त्यावर, नूडल्सवाल्याच्या वर, तिसरा मजला. जन्म थंडीतला." तारीखही तिने सांगितली. मग हळू आवाजात पुढे म्हणाली, "हे माझं पहिलं काम आहे. मला फरश्या विकायच्या नाहीत. तुमच्या दारावर हे कासव लावू का?"

एक उताणी, एक पालथी.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा एक उताणी पडली, दुसरी गरगर फिरली, फिरत राहिली... आणि पालथी झाली.

मावशींनी तिला पोटाशी धरलं. वाऱ्याची झुळूक आली आणि बंद खोलीतून आवाज आला, ठक्. "हो आई," मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "उद्याच लावते पाटी."

तेवढ्यात तो पुढे आला आणि धपकन गुडघ्यांवर बसला. त्याने चंद्रकोरी ओंजळीत धरल्या.

"आजी, मी को बो-रुई. राहणार शाळेमागच्या चढावर, चौथा मजला, लिफ्ट नाही. मला विचारायचंय..." त्याने शू-निंगकडे चोरून बघितलं आणि पुढचं मनातच म्हटलं.

दोन्ही उताण्या.

"हसल्या," तो खचून म्हणाला. "मी तर नावही सांगितलं!"

"हसतील नाही तर काय!" मावशींनी त्याच्या डोक्यात टपली मारली. "जे साऱ्या गल्लीला दिसतंय ते म्हातारीला कसलं विचारतोस? जिला विचारायचं तिला विचार की!"

पण ती होती कुठे? शू-निंग पिवळी छत्री काखोटीला मारून केव्हाच जिना उतरली होती. इतकी लाज, इतका आनंद एकदम तिला सोसेना. गल्लीत येऊन तिने छत्री उघडली. उघड्यावर, राजरोस. टपटप थेंब वाजू लागले. ती भराभरा चालू लागली आणि मनातल्या मनात मोजू लागली... आता तो जिन्यात असेल... आता दारात...

"त्साओ शू-निंग!"

मागून हाक आली. पूर्ण नावाने, पावसाच्या वर चढलेल्या आवाजात. गोल गोल कंदील लावलेल्या त्या गल्लीत दोन-चार बायकांनी दचकून तोंडावर हात ठेवला. सातवा महिना अजून सरला नव्हता. मागून कुणी नावाने हाक मारली तर वळायचं नसतं. वळलं की आपण त्याचे होतो.

शू-निंगने छत्री घट्ट धरली, आणि वळली.