बोटाएवढं भोक

राग मला लवकर येतो, हे सगळं गाव जाणतं. पण त्या दिवशी लातूरच्या बसस्टँडवर मी भांडले ते उगाच नव्हे. निलंग्याच्या गाडीत खिडकीतून डबा टाकून मी रीतसर जागा धरली होती. रेटारेटी करत आत पोचते तर डबा ड्रायव्हरशेजारी, तापलेल्या बॉनेटवर! आणि माझ्या जागेवर एक चष्मेवाला, मांडीवर कागदांचे गठ्ठे घेऊन आरामात बसलेला.

"उठा. ही जागा धरलेली आहे."

"कुणी धरली?"

"गांडुळांनी."

अख्खी गाडी हसली. तो मात्र हसला नाही. उठला, डब्याच्या झाकणाला पाडलेली भोकं बघितली आणि डबा उचलून स्वतःच्या सावलीत धरला.

"लई तापले असतील आतले... माफ करा म्याडम."

औशापर्यंत तो तसाच उभा होता. पाठ दांडीला टेकवलेली, एका हातात गठ्ठे, दुसऱ्या हातात माझी गांडुळं. आता असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्याचं नाव दयानंद. धान्यबाजारातल्या अडत लाईनीमागच्या छापखान्यात कोचिंग क्लासच्या नोट्स छापायचा. "लातुरात सध्या पावसापरीस नोट्स जास्त पडाय लागल्यात," तो म्हणाला. "पण गांडुळं कशाला, म्याडम?"

मग मी सांगितलं. आमचं गाव भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं... पण उकिरड्याची जागा नकाशावर कुणी काढलीच नाही! घाण टाकायची कुठे, साहेबांच्या डोक्यावर? म्हणून मी माझ्या बालवाडीमागे खड्डा खणून घेतला. साली, पालापाचोळा, शेण टाकायचं, गांडुळं सोडायची, पोरांच्या हातानं खत करायचं. पण पोरं खड्ड्याजवळ येईनात. त्यातही तारामती. भूकंपात ती दोन वर्षांची होती, अर्ध्या दिवसानं मातीतून काढलेली. आता सहाची झाली, तरी ओट्यावरून मातीत पाय ठेवत नव्हती. "खाली त्येच हाय न्हवं, बाई?" असं विचारायची. आणि मोठी माणसं म्हणायची, मोठी झाली की विसरेल. कशी विसरेल? खाली आणखी काय असतं, हे तिला कधी कुणी सांगितलं का?

म्हणून मी आठ पानांचं चित्रांचं पुस्तक केलं होतं. प्रत्येक पानाला एक भोक. त्यातून पोरानं बोट घालायचं, की ते बोट म्हणजेच मऊबाई गांडूळ. मऊबाई मातीखाली जाते, केळाची साल खाते, अंधारात फिरते... आणि शेवटच्या पानावर वांग्याच्या रोपाशेजारी, उन्हात, वर येते.

"छापू की," दयानंद म्हणाला. "गांडुळांची जागा घेतली, तेवढं तर करायलाच पायजे."

त्यानंतर चित्रं द्यायला, रंग बघायला, मी तीनदा लातूरला गेले. दोनदा पुरलं असतं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, "आज डबा न्हाई आणला?" मी म्हणाले, "आज जागा मिळाली." तो खुर्ची पुसत राहिला... ती कधीच पुसून झाली होती.

आणि मग पुस्तकं तयार झाली. शंभर प्रती. मी पहिली उघडली, शेवटच्या पानावर आले आणि ते उलटसुलट करून बघितलं. रोप नाही, ऊन नाही, भोकही नाही! तिथे दहा प्रश्न होते. 'गांडुळास डोळे किती? अ) एक ब) दोन क) चार ड) यांपैकी नाही.'

"हे काय आहे?"

"प्रश्न हायेत. मीच काढले." तो खुशीत होता. "लातुरात प्रश्नाशिवाय पुस्तक कुणी हातात घेत न्हाई, बाई."

"ज्यांना अजून अ लिहिता येत नाही, त्यांना अ-ब-क-ड देता? ती पोरगी मातीखाली गेली होती, दयानंद! तिला वर यायचं पान हवं होतं. तुम्ही तिची परीक्षा घेतलीत!"

त्यानं चष्मा काढला. "चुकलं माझं."

"शनिवारी पोरांना पुस्तक कबूल केलंय मी. त्यांना काय सांगू, चुकलं?"

प्रती तिथेच टाकून मी निघाले. बसमध्ये रडले, रागानं. खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणी हे केलं असतं, तर इतकं लागलं नसतं.

शनिवारी पहिल्या गाडीनं तो आला. खांद्यावर पोतं, दोन्ही अंगठ्यांना आणि करंगळीला चिंध्या बांधलेल्या. शंभर पानं ब्लेडनं कापून त्यानं माझं पान नव्यानं छापून चिकटवलं होतं, आणि शंभर भोकं हातानं पाडली होती.

"माप माझ्या करंगळीचं घेतलं," तो खाली बघत म्हणाला. "आन् प्रश्न पोत्यात हायेत. खड्ड्यात टाकू. गांडुळं सोडवतील."

मला हसू आलं. मी ते दाखवलं नाही.

तारामतीनं ओट्यावर बसून पुस्तक घेतलं. तिसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं. "खाली लई अंधार हाय." दयानंद खड्ड्याशी उकिडवा बसला, कोपरापर्यंत हात मातीत घातला आणि तळहातावर एक गांडूळ घेऊन आला. "ह्याचं घरच हाय ते. बघ, आलंय का न्हाई वर?"

तिनं पान उलटलं. पुढचं, त्याच्या पुढचं. शेवटच्या पानावर तिचं इवलं बोट रोपाशेजारी बाहेर आलं, आणि तिनं ते उन्हात हलवलं.

"आली की वर!"

मग ती ओट्यावरून उतरली. मातीत. प्रश्नांचं एक पान घेतलं, टराटरा फाडलं आणि स्वतःच्या हातानं खड्ड्यात टाकलं. माझे डोळे भरून आले, आणि त्याचाही मला राग आला.

दुपारी पोरं घरी गेली. गाडीला अर्धा तास होता. दयानंदनं एक प्रत तोंडासमोर धरली. शेवटच्या पानाच्या भोकातून चिंधी बांधलेली करंगळी बाहेर आली.

"बाई... एक प्रश्न होता."

"परत प्रश्न?"

"एकच. लग्न... कराल का माझ्याशी?"

"पर्याय?"

"दिले न्हाईत."

मी ती करंगळी धरली. "आधी पुस्तक खाली घ्या. तोंड बघून उत्तर देईन."

"बोट सोडलं तर घेतो की."

"मग राहू द्या तसंच," मी म्हणाले. "व्हय."

फाट्यावर लातूरची गाडी हॉर्न देऊन निघून गेली, ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी. तिच्याशी मात्र मी भांडले नाही.