चौथ्या मजल्याची खूण

पस्तीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या, त्यामुळे पाचापर्यंत मोजताना माझी चूक व्हायची नाही. दर रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की फादर चांदीच्या छोट्या डबीत पाच ख्रिस्तप्रसाद मोजून ठेवत. मी ते घराबाहेर पडू न शकणाऱ्यांच्या घरी पोचवून यादीत खुणा करत असे. कोणी भेटलं नाही, तर प्रसाद देवळात परत आणायचा किंवा स्वतः खायचा, असा नियम. पाचवं घर माझंच. बायको दोन वर्षं पलंगावर होती. "आले देवाचे पोस्टमन," असं म्हणून हसायची, पण आठवडाभर ती त्या एका घासाच्या आशेवर असायची.

मला कंटाळा आला होता, हे सांगून टाकतो. गुडघे कुरकुरत होते. सेवा सोडतो म्हटलं, तर फादर म्हणाले, "नोकरीतून निवृत्त झालात, पायांतून नाही."

चौथं घर शिंपीणबाईंचं, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खोलीला कायम मशीनच्या तेलाचा वास. नजर गेली तरी त्या चाचपडत काहीबाही शिवत असायच्या आणि दोरा दाताने तोडायच्या. एका रविवारी दुसऱ्याच मजल्यावर माझा जीव मेटाकुटीला आला. वर त्या वाट बघत असणार, हे ठाऊक असूनही त्यांचा प्रसाद मी तिथेच खाल्ला, यादीत खूण केली आणि खाली उतरलो.

बुधवारी त्या गेल्या. "रविवारी प्रसाद मिळाला होता, तेवढं बरं झालं," फादर यादी बघत म्हणाले. मी मान हलवली. बायकोला तर त्या गेल्याचंही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी यादीत चार नावं, डबीत चार प्रसाद. तीन घरं करून घरी आलो. बायकोने डोळे मिटून तोंड उघडलं आणि मी डबी उघडली, तर ती रिकामी.

"असू दे," ती म्हणाली. "फादर मोजायला चुकले असतील."

त्यानंतरच्या रविवारी मी स्वतः मोजले. प्रत्येक दारात पुन्हा मोजले. तिसऱ्या घरातून निघताना एक नक्की होता. वाट शिंपीणबाईंच्या इमारतीखालून जाते. मान खाली घालून तेवढा रस्ता ओलांडला. घरी डबी रिकामी. या वेळी बायको भिंतीकडे वळून पडून राहिली. त्या आठवड्यात तिने जेवण जवळजवळ टाकलं. तिच्या गाऊनचं गळ्याजवळचं बटण तुटून महिना झाला होता, तेही माझ्याकडून आज-उद्या करत राहिलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

तिसऱ्या रविवारी मी चारही मजले चढलो.

दाराला कुलूप होतं, कुलपावर धूळ. तेलाचा वास मात्र ताजा होता.

"चुकलो, बाई," मी दाराशी म्हणालो. "पण तिच्या तोंडचा घास काढू नका."

डबी उघडून पाहिली. एक होता.

मुठीत डबी घट्ट धरून घरी आलो. जाताना लावलेलं कुलूप मीच काढलं.

बायको उशीला टेकून बसली होती. हात जोडलेले, तोंड सावकाश हलत होतं.

मी डबी उघडली. रिकामी.

"मिळाला मला," ती म्हणाली. इतका शांत चेहरा मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. "शिंपीणबाई देऊन गेल्या. म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याला जिने झेपत नाहीत, यापुढे मीच येत जाईन."

पांघरूण सारखं करायला मी वाकलो. गळ्याजवळचं बटण शिवलेलं होतं. दोऱ्याचं टोक अजून ओलं होतं.