मालकिणीची रेघ

मालकिणीनं सकाळी दुकानाचं शटर वर केलं आणि आधी फळा पुसायला घेतला. फळ्यावर तिच्या मुलानं आदल्या दिवशी खडूनं लिहून ठेवलं होतं : रविवार, नदी, तीन जण. मालकीण शाळेत दोनच वर्षं गेली होती. पण 'तीन' वाचायला तेवढी शाळा पुष्कळ झाली.

"तीन कोण रे?" तिनं विचारलं.

मुलगा चाकाचे नट सोडवत होता. "मी, ही आणि चिमणी." ही म्हणजे त्याची बायको आणि चिमणी म्हणजे त्यांची लेक, कॉलेजची शेवटची परीक्षा देऊन कालच मोकळी झालेली. "तू पुलाजवळ बस. आम्ही वाहत खाली आलो की सगळे मिळून डबे उघडू."

"म्हणजे मी डब्यांची राखण करायची."

"आई, गुडघे बघ तुझे. वय बघ. आणि तुझं—" त्यानं जीभ चावली.

"वजन. म्हण की! ते मी वाहते, तू नाही."

दुकान टायर-ट्यूबचं होतं. गावापासून तासाभरावर एका डोंगराच्या पोटातून झरा फुटायचा आणि त्याचीच नदी व्हायची. पाणी काचेसारखं, तळातला खडा न् खडा मोजून घ्यावा असं. बाराही महिने तेवढंच गार आणि तेवढ्याच वेगाचं. सुट्ट्या लागल्या की लोक ट्रकच्या ट्यूबांवर बसून झऱ्यापासून जुन्या पुलापर्यंत वाहत जायचे. त्या ट्यूबा मालकिणीच्या दुकानातून जायच्या. चाळीस वर्षं तिनं त्यांना ठिगळं लावली, हवा भरली, आणि भिजून लालबुंद झालेली माणसं हसत ट्यूबा परत करताना बघितली. ती स्वतः एकदाही बसली नव्हती. नवरा होता तेव्हा दुकान होतं, नवरा गेला तेव्हाही दुकानच होतं.

"माझ्या ट्यूबांशिवाय कशावर बसणार आहात?" ती म्हणाली. "ताटांवर?"

सूनबाई मागच्या खोलीत शिलाई मशीनवर होती. ती तिथूनच बोलली, "येऊ द्या हो त्यांना. नाही नेलं तर वर्षभर ऐकावं लागेल. नेलं तर नदीतच काय ते ऐकायचं, तिथं निदान पाण्याचा आवाज असतो."

मालकिणीला हे बोलणं आवडलं. सून तिच्या तोडीची होती, आणि हे तिनं आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं.

मुलानं हात टेकले, पण अट घातली. गुरुवारी आधी रिकाम्या ट्यूबा सोडून बघायच्या. सगळ्या धड पुलापर्यंत पोचल्या तर आईही येणार. मालकिणीनं त्यावर स्वतःची अट चढवली, कारण दुसऱ्याची अट नुसती मान्य करणं तिच्या रक्तात नव्हतं. "प्रत्येकानं मागच्या टाकीत आपापल्या ट्यूबवर बसून दाखवायचं. पाणी जिथं लागेल तिथं मी पिवळी रेघ मारणार. रविवारी निघायच्या आधी पुन्हा बसायचं. ज्याची रेघ चुकली तो काठावर. मीसुद्धा."

चिमणीनं फळ्यावर नदी काढली. झरा, दोन वळणं, तीन मोठे दगड, पूल. चार माणसांच्या चार ट्यूबा आणि डब्यांची पाचवी. अंड्यांचं काय, पावाचं काय, पाव भिजला तर काय, अशी दिवसभर खलबतं चालली. गिऱ्हाईकं येऊन उभी राहायची आणि तीही सल्ले देऊन जायची. चाकात खिळा घेऊन आलेला एक शिक्षक तर नदीच्या वळणावर अर्धा तास बोलला आणि खिळा तसाच घेऊन निघाला होता.

मागच्या अंगणात सिमेंटची टाकी होती, मांडीभर खोल आणि खोलीएवढी रुंद. ट्यूब त्यात दाबायची, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. मालकीण म्हणायची, माणूस खोटं बोलतो, बुडबुडा बोलत नाही. त्या दिवशी टाकी काठोकाठ भरली. आधी चिमणी बसली, मग सूनबाई, मग मुलगा. मालकिणीनं तिघांच्याही ट्यूबांवर टायरवर लिहायच्या पिवळ्या खडूनं रेघ मारली. तो खडू मेणाचा, पाण्यानं जात नाही.

मग ती स्वतः. तिच्यासाठी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची ट्यूब काढली होती. ती खोक्यावर चढली, वळली आणि बसली.

टाकी चारी बाजूंनी ओसंडली. पाणी अंगणात धावलं आणि मुलाचे नवे बूट आतून-बाहेरून भिजले. चिमणी हसून हसून खाली बसली. "आजी, भरती आली गं!"

"आपल्या घरात वजन असलेलं माणूस एकच आहे," मालकीण टाकीतून म्हणाली, "म्हणून दुकान उभं आहे. रेघ मार."

चिमणीनं रेघ मारली. चौघांत तीच सगळ्यात वर होती, ट्यूबच्या पार खांद्याला टेकलेली.

गुरुवारी सकाळी मुलगा आणि चिमणी झऱ्यावर गेले. मालकीण आणि सूनबाई पुलावर थांबल्या. तिथं पुलाचा राखणदार एका खोपटात राहायचा. कमी बोलणारा माणूस. त्यानं दोघींना पाणी दिलं आणि नदीकडे बघत उभा राहिला.

अकराला ट्यूबा दिसल्या. रिकाम्या ट्यूबा यायच्या तशाच आल्या, गरगर फिरत, काठाला आपटत, फांद्यांत अडकून सुटत. पहिली, दुसरी, तिसरी, मग डब्यांची. सूनबाई आकडी घेऊन खाली उतरली आणि एकेक ओढून काढायला लागली. त्या काठावर रचताना तिची पाठ नदीकडे होती.

मालकिणीची ट्यूब मागून आली.

ती फिरत नव्हती. नदीच्या बरोबर मधून येत होती. एक लवलेली फांदी आली तेव्हा ती हलकेच डावीकडे सरली आणि पुन्हा मध्ये आली. मालकिणीनं डोळ्यांवर हात धरला. ट्यूब पाण्यात खोल बसली होती. पाणी पिवळ्या रेघेला लागलेलं होतं, ना खाली, ना वर.

हवा गेली असेल, तिनं मनाशी म्हटलं. पण हवा गेलेली ट्यूब चपटी होते, खोल बसत नाही. हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

ती जपून काठावर उतरली, ट्यूबचा दोर धरला आणि ओढला. जड होता. काठाशी येताच पाणी एकदा डचमळलं आणि ट्यूब टुणकन वीतभर वर आली. मालकिणीनं आतल्या कडेवर हात ठेवला. ते पाणी इतकं गार की बोटं बधिर होतात, पण तिथलं रबर ऊन लागत होतं, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखं.

"मावशी," राखणदार वरून म्हणाला, "तुमची बहीण का हो?"

"कोण?"

"आत्ता उतरल्या त्या. तोंडवळा अगदी तुमचाच." तो पुलाकडे चढणाऱ्या वाटेकडे बघत होता.

"मला बहीण नाही," मालकीण म्हणाली.

तो खोपटात गेला आणि त्यानं दार लोटून घेतलं.

"आई, सगळ्या आल्या का?" सूनबाईनं हाक मारली.

मालकिणीनं तोंड उघडलं. हे सांगितलं की मुलगा सहल मोडणार, हे तिला लख्ख दिसलं. मोडली नाही तरी तिला डब्यांजवळ बसवणार. चाळीस वर्षं. समोर पाणी ऊन अंगावर घेऊन चमकत होतं.

"आल्या," ती म्हणाली. "धडधाकट आल्या."

जिभेवर आलेलं गिळायची तिच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

त्या संध्याकाळपासून तिचे गुडघे दुखायचे थांबले. शुक्रवारी ती कठडा न धरता जिना चढली. तिसरी पायरी, जी फक्त तिच्याच पायाखाली करकरायची, ती गप्प राहिली. दुकानातलं प्लास्टिकचं स्टूल तिच्याखाली पाय फाकवायचं, त्यानं पाय फाकवले नाहीत. सूनबाईनं ट्यूबांना कापडाच्या बैठकी शिवल्या. मालकिणीनं प्रत्येक ट्यूबच्या हवा भरायच्या व्हॉल्व्हला चिंध्या गुंडाळल्या, पाठीला टोचू नये म्हणून. चिमणीनं तिला जमिनीवर बसवून हातांनी पाणी कसं मारायचं ते शिकवलं, आणि दोघी फरशीवर हात मारत एवढ्या खिदळल्या की शेजारचा न्हावी अर्धी दाढी सोडून बघायला आला.

"आईचे पाय जमिनीवर नाहीत सध्या," मुलगा म्हणाला.

सगळे हसले. मालकीणही हसली. मग तिनं खाली बघितलं.

ट्यूबांना लावायची पांढरी पावडर फरशीवर सांडली होती. तिच्यात मुलाच्या बुटांचे ठसे होते, चिमणीच्या चपलांचे होते. मालकीण सकाळपासून त्यावरून दहा वेळा गेली होती. तिनं कोपऱ्यातला झाडू घेतला आणि सगळं झाडून काढलं.

रविवारी उजाडताच टेम्पो अंगणात लागला. डबे भरले, दोर भरला. चिमणीनं टाकी काठोकाठ भरून ठेवली होती. "चला, रेघा! आजीचा कायदा!"

चिमणी बसली, बरोबर. सूनबाई बसली, बरोबर. मुलगा बसला, बरोबर. उतरताना त्यांनी सांडलेलं पाणी चिमणीनं पुसलं आणि टाकी पुन्हा भरली.

"थांबा, थांबा," मुलगा म्हणाला आणि बूट सांभाळत चार पावलं मागे जाऊन उभा राहिला. "आता बस, आई."

मालकीण खोक्यावर चढली. ढोपरं कुरकुरली नाहीत. ती वळली आणि बसली.

ट्यूब खाली गेली नाही.

पिवळी रेघ पाण्याच्या वर वीतभर तशीच कोरडी राहिली.

मुलाचा फोन वाजला. तो दोन शब्द ऐकून हसला. "पुलावरचा राखणदार. म्हणतो, तुमच्या आई पहाटेपासून येऊन बसल्यात, लवकर या. काय सांगू त्याला?"

मालकिणीनं ओंजळ भरली आणि पिवळ्या रेघेवर पाणी सोडलं.

"आजी, आली का रेघ?" दोर टेम्पोत टाकत चिमणीनं विचारलं.

"बरोबर आली," मालकीण म्हणाली. "सांग त्याला, निघालोच."

चिमणीनं टाळ्या वाजवल्या. सूनबाई टेम्पोत चढली. मुलगा फोन खिशात घालून अजून तिथंच, चार पावलं मागे, उभा होता. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

अंगण कोरडं होतं.