दर चाळीस मिनिटांनी भरणारी टाकी

तो गुरुवार होता. नभाच्या शाळेला सुट्टी होती आणि बार्शीतल्या बारंगुळ्यांच्या घरात गोरखआबा नातीला घेऊन संडासात बसले होते. म्हणजे आबा प्लास्टिकच्या स्टुलावर, आणि दहा वर्षांची नभा उंबऱ्यावर. तिनं नाश्त्यालाच प्रश्न टाकला होता: फ्लश केल्यावर कमोडातलं पाणी घुर्र करून जातं, मग थोडं पाणी मागे का राहतं? असल्या प्रश्नांची उत्तरं आबा तोंडी देत नसत.

त्यांनी कमोडात एक मग पाणी सावकाश ओतलं. काहीच झालं नाही. दुसरा ओतला, तिसरा ओतला. पाणी होतं तेवढंच दिसत राहिलं. नभा वाकून बघायला लागली, की तीन मग गेले कुठं. मग आबांनी अर्धी बादली एका दमात रिकामी केली आणि घुर्र आवाज करत पाणी निघून गेलं, तळाशी थोडंसंच उरलं.

आबांनी समजावलं ते असं. कमोडाच्या पोटात मागच्या बाजूला एक नळी असते. ती आधी वर चढते आणि मग खाली उतरते, घाटातल्या रस्त्यासारखी. थोडं थोडं पाणी आलं तर ते घाटमाथ्यावरून गुपचूप पलीकडे सांडतं, म्हणून भांडं कधी भरत नाही. पण एकदम पुष्कळ पाणी आलं, की अख्खी नळी भरते आणि तिच्यात हवेला जागा उरत नाही. मग पलीकडे खाली पडणारं पाणी मागच्याला ओढतं, बाहेरची हवा भांड्यातल्या पाण्याला वरून दाबते, आणि सगळं पाणी चढ ओलांडून पळत सुटतं. याला सायफन म्हणतात (चढ-उताराच्या नळीतून पाणी आपलं आपण ओढलं जाणं). शेवटी नळीत हवा शिरते, घुर्र असा आवाज होतो आणि ओढ तुटते. त्यानंतर मागे राहतं ते पाणी म्हणजे बूच. गटाराचा वास घरात येऊ नये म्हणून ते तिथं थांबलेलं असतं.

नभाची आई ऋजुता, आबांची मुलगी, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे. ती बाहेर उत्तरपत्रिका तपासत होती, आणि थोड्या वेळात प्राचार्य घरी यायचे होते. तिनं तिथूनच म्हटलं, "पप्पा, दार ओढून घ्या ना जरा."

"घेतो, घेतो," म्हणत पप्पांनी दार ओढलं. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज मात्र येतच राहिला.

शुक्रवारी पहाटे आबा झोपेतच गेले.

त्या गोष्टीला चार महिने झाले. एका रविवारी सकाळी दहा वाजता मामलेदार आला. हे त्याचं खरं नाव नव्हे. २०५४ सालच्या त्या बार्शीत प्रत्येक कॉलनीत पाण्यावर लक्ष ठेवणारा एक यंत्रमानव होता. या कॉलनीतला कुणाच्याही घरात शिरून नळाची चौकशी करायचा, म्हणून लोकांनी त्याला मामलेदार करून टाकलं होतं. त्याला त्याचं काही वाटत नसे.

त्यानं अदबीनं सांगितलं की या घरातून गेला महिनाभर रोज छत्तीस लिटर पाणी कुणी न वापरता जातंय. गळती बहुधा संडासाच्या जुन्या टाकीत असावी. नियमानुसार तो चार वाजता नवी बंद टाकी घेऊन येईल आणि जुनी काढून नेईल.

नभा टाकीसमोर जाऊन उभी राहिली. "आबांची टाकी आहे ती. मामलेदारकाका, हात लावून तर बघा."

मामलेदारानं हात मागे घेतले. चारच्या आत गळती थांबली तर टाकी राहील, तोही नियमच आहे, असं तो म्हणाला आणि कोपऱ्यात उभा राहिला. हवं तर त्याला काही विचारावं, पण दुरुस्तीचं हत्यार तो हातात धरणार नव्हता, तसा नियम होता.

तीस वर्षांपूर्वी पप्पांनी स्वतः बसवलेली ती पांढरी चिनीमातीची टाकी. ऋजुतालाही ती जायला नको होती, पण तसं म्हणणं तिच्या तोंडून निघेना.

टाकीचं वागणंही विचित्र होतं. दर चाळीस मिनिटांनी, कुणी फ्लश केलेला नसताना, ती आपली आपण भरायला लागायची. आबा पाना सगळ्यात शेवटी हातात घ्यायचे, हे नभाला ठाऊक होतं. तिनं आईला आधी नुसतं बघायला लावलं.

ऋजुतानं झाकण काढून भिंतीला टेकवलं आणि दोघींनी आत डोकावलं. एका बाजूला बॉलकॉक होता (पाण्यावर तरंगणारा गोळा, टाकी भरली की नळ बंद करणारा). मध्ये एक उभी नळी होती, पाणी फार चढलं तर जादा पाणी कमोडात सोडणारी. तळाला फ्लॅपर होता (रबरी झाकण, जे फ्लशचं बटण दाबलं की उचललं जातं). म्हणजे पाणी पळायला वाटा दोनच. एक तर बॉलकॉक वेळेवर बंद होत नाही आणि पाणी उभ्या नळीवरून ओसंडतं, नाहीतर फ्लॅपर खालून गळतो.

"दोन्हींतलं कोणतं ते ओळखायचं कसं?" ऋजुतानं विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

नभानं टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलीनं रेघ मारली आणि टाकीत येणारं पाणी भिंतीतल्या कॉकनं बंद केलं. आता नवं पाणी येणार नव्हतं. दोष नळीवरून ओसंडण्याचा असेल, तर पाणी नळीच्या तोंडाशी येऊन थांबेल. त्याच्याही खाली गेलं, तर दोष फ्लॅपरचा. शिवाय तिनं बिटाचं पाणी टाकीत ओतलं.

चाळीस मिनिटांनी पाणी नळीच्या तोंडाच्या कितीतरी खाली उतरलेलं होतं आणि कमोडातलं पाणी गुलाबी झालं होतं.

"पण मग कमोड भरत का नाही?" असं मामलेदारानं विचारलं. तो परीक्षा घेतोय हे नभाच्या लक्षात आलं. तिनं त्याला घाटरस्ता सांगितला. थोडं थोडं पाणी माथ्यावरून गुपचूप सांडतं, म्हणून तर कुणाला कळत नाही. टाकी मात्र रिकामी होत जाते, गोळा खाली येतो, नळ उघडतो आणि भरण्याचा आवाज येतो. ऋजुता ऐकत राहिली. वीस वर्षं ती हाच सायफन फळ्यावर काढत होती, आणि तिच्या एकाही आकृतीत कमोड नव्हता.

पप्पांच्या पत्र्याच्या डब्यात नवा फ्लॅपर सापडला. नभानं तो बसवला, पाणी सोडलं, पुन्हा रेघ मारली. अर्ध्या तासानं पाणी पुन्हा रेघेखाली होतं. तीन वाजत आले होते. मामलेदार अदबीनं म्हणाला, नवीन टाकी कॉलनीच्या फाटकात पोचली आहे.

नभा रडकुंडीला आली. ऋजुतानं टाकी रिकामी केली, बाही वर सारली आणि फ्लॅपर उचलून तो जिथं टेकतो त्या गोल कडेवरून बोट फिरवलं. ती कड गुळगुळीत असायला हवी होती, पण बोटाला खरखर लागली. बोट वर काढलं तर त्यावर तांबूस कण होते. तिला उलगडलं. वरच्या पाण्याचं वजन फ्लॅपरला घट्ट दाबून धरतं, पण मध्ये एक कण जरी आला तरी फट राहते, आणि फ्लॅपर कितीही नवा असो, पाणी त्या फटीतून जातच राहतं. तिनं फडक्यानं कड स्वच्छ पुसली.

"पण पाणी तर गाळून येतं," नभा म्हणाली. "मग माती कुठली?"

टाकीच्या मागच्या कोपऱ्यात, गोळ्याच्या आड, अर्धी वीट उभी होती. तिच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या.

ऋजुतानं ती बाहेर काढून हातात घेतली. सातवीत असताना शाळेत पाणीबचतीची स्पर्धा होती. टाकीत वीट ठेवली की ती जेवढी जागा अडवते तेवढं पाणी दर फ्लशला कमी लागतं, असं तिनं घरी येऊन पप्पांना शिकवलं होतं आणि वीट आपल्या हातानं ठेवली होती. तिला बक्षीस मिळालं होतं. बक्षीस देणाऱ्या बाईंनी वडील काय करतात असं विचारलं, तेव्हा तिनं हार्डवेअरचं दुकान आहे म्हणून सांगितलं. दुकान कधीच नव्हतं; पप्पा प्लंबर होते. पुढे कॉलेजातही तिनं तेच सांगितलं.

नभानं भिंतीला टेकवलेलं टाकीचं झाकण उलटं केलं. आतल्या खरखरीत बाजूवर पेन्सिलीनं तारखाच तारखा लिहिल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे पप्पांचं बारीक अक्षर: साफ केली. शेवटची तारीख त्या गुरुवारची होती.

मामलेदारानं तारखा वाचल्या. प्रत्येक दोन तारखांमध्ये तीन महिने, आणि गळती सुरू होऊन एक महिना, म्हणजे बरोबर जुळतं असं तो म्हणाला. एक गोष्ट मात्र त्याला समजली नव्हती. वीट पाण्यात झिजत राहते हे प्लंबरला माहीत असणारच. वाळू भरलेली प्लास्टिकची बाटली तेवढीच जागा अडवते आणि तिचा चुरा होत नाही. तीस वर्षं दर तीन महिन्यांनी कड पुसण्यापेक्षा वीट एकदाच काढणं सोपं नव्हतं का?

"मी ठेवली होती म्हणून," ऋजुता म्हणाली.

नभानं वाळूची बाटली तयार करून आणली. विटेच्या जागी ती ठेवली, टाकी भरली, रेघ मारली. तिघं रेघेवर नजर ठेवून थांबले. चारला पाच मिनिटं कमी असताना पाणी रेघेलाच टेकलेलं होतं. मामलेदारानं फाटकावरच्या गाडीला परत जायला सांगितलं. नभानं त्याच्या पोलादी दंडावर चापट मारली आणि हात झिणझिणला म्हणून चोळत बसली.

मग मामलेदार म्हणाला की विटेचा चुरा हे कारण त्याच्या माहितीत नव्हतं. आज संध्याकाळपर्यंत ते जिल्ह्यातल्या प्रत्येक यंत्रमानवाला कळेल आणि कितीतरी जुन्या टाक्या फेकल्या जाण्यापासून वाचतील. फक्त सोबत शिकवणाऱ्याचं नाव आणि काम नोंदवावं लागतं. काय लिहू?

नभा आईकडे बघत होती. ऋजुतानं ओले हात पदराला पुसले.

"गोरख बारंगुळे," ती म्हणाली. "प्लंबर. बेचाळीस वर्षं या गावातले संडास दुरुस्त केले त्यांनी. दुकान नव्हतं त्यांचं, ते मी खोटं सांगत आले. मला सायफन कॉलेजात नाही समजला. मी नभाएवढी असताना, इथं उंबऱ्यावर बसवून, माझ्या पप्पांनी मला तो दाखवला."