पाणमांजरांची साक्ष

"कार्ड गेलं!" सिस्टर दारातूनच म्हणाल्या. आत्याने हातातला कप खाली ठेवला.

सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. गावाबाहेरच्या दलदलीत कोणता पक्षी, कोणता प्राणी कधी दिसला याच्या नोंदी ठेवणारी मंडळी त्यांनीच जमवली होती. आता त्या दलदलीवर भराव घालून गोदामं उठणार होती. तिथं पाणमांजरं राहतात हे सिद्ध झालं, तरच काम थांबणार होतं. परवानगी देणाऱ्या समितीचे साहेब आजच दुपारी यायचे होते, आणि पुरावा काय तो काठावरच्या कॅमेऱ्यातल्या कार्डावर होता.

"काल संध्याकाळी कॅमेऱ्याखाली ताजी पावलं दिसली. फोटो आलेच असणार."

"मग तेव्हाच का नाही काढलंत कार्ड?" पैलवानाने विचारलं.

"आमचा नियम आहे. कार्ड काढायला दोघं हवीत. एकटीने काहीतरी घुसडलं, असं कुणी म्हणायला नको. आज सकाळी आमच्या फोटोग्राफरला घेऊन नेहमीच्या बांधावरून गेले, तर कॅमेऱ्याचं झाकण उघडं!"

पैलवान हा आत्याचा भाचा, चाळिशीचा आडदांड गडी. खाजगी तपास हा आत्याचा व्यवसाय आणि तिची गाडी चालवणं हा त्याचा. मतं मात्र तो फुकट देई.

"मुकादमच!" गाडी सुरू करताना तो म्हणाला. "भरावाचं कंत्राट त्याचं, फायदा त्याचा."

"बघू. चोर सोडून संन्याशाला फाशी नको."

दलदलीच्या काठी गमबुटांचे ठसे स्पष्ट उमटले होते. मंडळींच्या शेडमध्ये तसे एकसारखे बूट रांगेने ठेवलेले असत आणि शेडला कुलूप नव्हतं. ठसे रस्त्यावरून सरळ कॅमेऱ्याकडे गेले होते. फक्त मध्ये खडीचा एक कोरडा तुकडा लागला, तिथं ते चिखलातून वळसा घालून पुढे गेले होते. वर एक टिटवी कंठशोष करत घिरट्या घालत होती.

"कोरडी खडी सोडून चिखलात?" पैलवान हसला. "चोराचं डोकं ठिकाणावर दिसत नाही." त्याने खडीवर पाय टाकायला उचलला, तोच आत्याने त्याची बाही धरून मागे ओढलं.

"तूही चिखलातूनच ये."

मग ती सिस्टरांकडे वळली. "या खडीवर काही नोंद?"

"नाही. रविवारी मी स्वतः गुडघ्यावर बसून बघितलं. तिथं काही नव्हतं."

मुकादम पत्र्याच्या कचेरीत भेटला. "कार्ड घेऊन मी काय करू? परवानगी मिळाली की वाटेत येईल ते तुडवत जायचं. आमचं कामच ते!" त्याचा आवाज असा चढला, की पैलवानाने मनातल्या मनात त्याला बेड्याही घातल्या.

फोटोग्राफर स्टुडिओत धुमसत होता. "कॅमेरा मी लावायचा आणि नाव सिस्टरांचं! रागावलोय मी, पण चोर नाही."

"खडीवरची ती टिटवी एवढी का ओरडत होती?" आत्याने मध्येच विचारलं.

"टिटवीच ती! ओरडणार नाही तर काय गाणार?"

शेवटी मास्तर. हे सिस्टरांचे दीर, त्यांच्याच घरी राहणारे. सिस्टरांना पक्ष्यांची ओळख त्यांनीच करून दिलेली. ते पाय स्टुलावर ठेवून बसले होते.

"गुडघ्याने दगा दिला. पंधरा दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल नाही." आत्या आणि पैलवान निघताना ते म्हणाले, "त्या खडीपाशी फार वेळ उभे नव्हतात ना? ऊन चढलंय."

"आमची काळजी नको. टोपी होती," पैलवान म्हणाला. म्हातारा मायाळू आहे, असं त्याला वाटलं.

दुपारी आत्याने सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. मास्तरांना पैलवानाने गाडीतून आणलं. साहेबांची गाडी कुठल्याही क्षणी येणार होती.

"चोराने वळसा का घातला?" आत्या म्हणाली. "कारण खडीवर टिटवीची दोन अंडी आहेत. घरटं नाही, नुसता खळगा, आणि अंडी हुबेहूब खड्यांसारखी. चोरीच्या घाईतही त्याने ती तुडवली नाहीत. मुकादम सरळ चालत गेला असता. टिटवी ओरडते ती अंड्यांसाठी, हे फोटोग्राफरच्या ध्यानातही नाही. सिस्टर, तुम्ही रविवारी पाहिलंत तेव्हा अंडी नव्हती. म्हणजे ती नंतरची. मग पंधरा दिवस घराबाहेर न पडलेल्या माणसाला खडीपाशी कुणी उभं राहील आणि उन्हात अंडी तापतील, ही काळजी कशी?"

पैलवानाने ओशाळून टोपी काढली.

"मास्तर, आम्ही तिथं थांबलो असतो तर टिटवी अंड्यांवर सावली धरायला उतरली नसती. तुम्हाला आमची नाही, त्यांची काळजी होती."

"भावोजी?" सिस्टर त्यांच्याकडे वळल्या. "काल जेवताना मीच तुम्हाला सांगितलं, फोटो आलेच असणार म्हणून."

मास्तरांनी खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "पहाटे गेलो होतो. वहिनी, पलीकडच्या तळ्यावरची पाणमांजरं आठवतात? त्यांची जागा नकाशावर छापली. महिन्याभरात कातडी विकणाऱ्यांचे फासे लागले. आता तिथं एकही नाही. इथलीही जागा छापली जाणार. मला ते बघवणार नव्हतं."

"आणि भराव पडला असता ते बघवलं असतं?" सिस्टर रडत होत्या. "मला विचारलं का नाहीत?"

"भरावात निदान पळून तरी जातील, असं वाटलं. चुकलो. पण कार्ड मोडवेना. नोंद आहे ती."

साहेब आत आले. कार्ड लावल्यावर पडद्यावर पाणमांजराची मादी दिसली आणि तिच्या पाठीला चिकटून दोन पिल्लं.

"काम थांबवतो," साहेब म्हणाले. "नेमकी जागा कोणती? ती नोंदवावी लागेल."

सिस्टरांना जागा तोंडपाठ होती. त्यांनी डोळे पुसले. "ते भावोजी सांगतील. त्यांना योग्य वाटलं तर."

पैलवानाला वाटलं, बाई हातचं घालवतात.

मास्तरांनी पडद्यावरच्या पिल्लांकडे पाहिलं.

"आधी दुसरं लिहा," ते साहेबांना म्हणाले. "जागा नकाशावर छापणार नाही, आणि इथं पहारा बसेल. सही करा. मग मी स्वतः तुम्हाला तिथं घेऊन जातो."

साहेब क्षणभर घुटमळले. मग त्यांनी पेन काढलं.