टिली येईपर्यंत

त्या दिवशी धुकं समुद्राकडून आलं आणि वाळूच्या टेकड्या ओलांडून गावात येऊन बसलं. एप्रिल सरताना आमच्या किनाऱ्यावर असं होतंच. सकाळी येतं, दुपारी उन्हानं हाकललं की जातं. पण हे धुकं पाहुण्यासारखं आलं नव्हतं, बूड टेकून बसलं होतं. कालव्यापलीकडची ट्यूलिपच्या कंदांची शेतं, त्यांचे लाल-पिवळे पट्टे, सगळं पुसून गेलं होतं. फुलांचा तेवढा वास येत होता, ओला आणि जरासा गोड.

बायकोला, ग्रादाला, पुरून आल्याचा तो दुसरा दिवस. म्हातारा क्राइन बटाटे आणायला तळघरात उतरला. त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. घरातलं माणूस गेलं तरी भूक काही त्याच्याबरोबर जात नाही.

स्वयंपाकघराच्या फरशीत लाकडी झडप होती, तिच्याखाली अरुंद पायऱ्या. खाली थंडगार. कंदील उंच धरून तो बटाट्यांच्या पेटीकडे वळला, आणि कोपऱ्यात त्याला जस्ताची बादली दिसली. बादलीत वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळलेली, निळ्या लोकरीनं बांधलेली एक जुडी होती, मानेपर्यंत पाण्यात. कागदाच्या तोंडातून मिटलेल्या पांढऱ्या कळ्या डोकावत होत्या.

मागच्या दारच्या वाफ्यातली ट्यूलिप.

कंदांच्या गावात घरात फुलं कुणी आणत नाही. आमचा जीव कंदात. फूल आलं की त्याचं मुंडकं छाटायचं आणि कालव्याकाठी ढीग लावायचे, म्हणजे खाली कंद पोसतो. पण हा वाफा तसला नव्हता. एकुलती एक लेक टिली लग्न करून न्यूझीलंडला गेली, त्या शरदात ग्रादानं तो लावला होता आणि त्याला ती कुणाला हात लावू देत नसे. आता इतक्या वर्षांनी टिली पहिल्यांदा घरी यायला निघाली होती. तिचं जहाज वाटेत असतानाच आई गेली. जहाजावर तार पोचली, पण दफन काही कुणासाठी थांबत नाही.

क्राइननं लोकर सोडली आणि एक देठ उचलून त्याचा तळ उजेडात धरला. तिरका काप, उलट्या बाजूनं चढलेला. ग्रादा डावखुरी होती. तो काप त्यानं झोपेतही ओळखला असता.

म्हणजे त्या सकाळी, आपण शेतावर गेल्यावर, तिनं लेकीसाठी फुलं कापली, खाली आणून ठेवली, वर जाऊन खुर्चीत टेकली, आणि बसल्या जागी गेली. असं त्यानं मनाशी जुळवलं. पोरीला आता आईचं तोंड दिसणार नव्हतं. आईच्या हातचं शेवटचं म्हणून काही उरलं असेल, तर ते या बादलीत होतं.

म्हातारा तिथंच उकिडवा बसला आणि त्यानं ठरवून टाकलं. टिली येईपर्यंत ही फुलं मरायची नाहीत.

दुपारी नेल आली. नेल ही भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. ग्रादा गेल्यापासून तिला आंघोळ घालण्यापासून दफनाआधी पुढच्या खोलीत निजवण्यापर्यंत आणि आल्यागेल्यांच्या कॉफीपर्यंत सगळं तिनंच निभावलं होतं. आजही म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून तिनं पिवळ्या डॅफोडिलचा गुच्छ आणला होता. क्राइन खाली आहे म्हटल्यावर ती खाली उतरली आणि गुच्छ त्याच बादलीत खोचायला वाकली.

“हात मागे घे!” क्राइन ओरडला. आयुष्यात त्याचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता.

“अगं बाई! फुलंच आहेत रे, साप नाही.”

“सापाहून वाईट. त्यांच्या देठातून चिकट पाणी सुटतं. ट्यूलिप त्यात माना टाकतील.”

“मला शिकवतोस होय? माझा जन्म गेला या गावात.” नेल गुच्छ छातीशी धरून मागे सरली. मग तिनं जुडीकडे नीट पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. “ही... तू कापलीस?”

“ग्रादानं.”

 नेलनं कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण केली आणि कमरेच्या ॲप्रनला हात पुसत पायऱ्या चढून गेली. डॅफोडिल ती तशीच परत घेऊन गेली.

क्राइन कामाला लागला. तळघराच्या दुसऱ्या टोकाला हिवाळ्यातली सुरकुतलेली सफरचंदं होती. ती त्यानं टोपल्या टोपल्यांनी बाहेरच्या छपरीत नेली, कारण पिकत्या सफरचंदाचा श्वास लागला की फूल म्हातारं होतं. बादली घासली, इतकी की तिच्यातलं पाणी पिता आलं असतं. कात्री त्यानं घेतली नाही. कात्री देठ चेपते, मग त्याला पाणी ओढता येत नाही. चाकू दगडावर लावून, एकेका देठाचा नखाएवढा तुकडा तिरका कापला. देठातली हवा निघावी म्हणून कळीच्या खाली टाचणीनं भोक पाडलं. पुन्हा कागदात ताठ गुंडाळलं, म्हणजे देठ वाकडे होणार नाहीत. पाणी थोडंच घातलं, बर्फासारखं. आणि झडप लावून घेतली.

बातमी घेऊन सीम आला. शेतावरचा त्याचा जुना सोबती, तोंडानं फटकळ.

“जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं आहे म्हणे. धुक्यात आत घेत नाहीत.” सीमनं टोपी गुडघ्यावर ठेवली. “आणि तू काय मांडलं आहेस हे, म्हातारबा? आम्ही तिकडे गाड्या भरभरून फुलं फेकतोय आणि तू मूठभर काड्यांना बाळंतिणीसारखं जपतोयस!”

“जपतोय.”

“मेली तर माझ्याकडून घे. गाडीभर देतो. तुझ्या पोरीला काय कळणार आहे?”

“मला कळेल,” क्राइन म्हणाला.

सीमनं कॉफी संपवली, टोपी घातली आणि निघाला.

दुसऱ्या सकाळी क्राइननं कागद सोडला आणि देठ पुन्हा ताजे कापायला चाकू उचलला. उचललेला हात तसाच राहिला. कालचा काप त्याच्या उजव्या हाताचा होता. आजचा उलट्या बाजूनं चढलेला होता, ओला, ताजा. बादलीशेजारी विटांवर देठांचे हिरवे तुकडे पडले होते. कालचे त्यानं स्वतः गोळा करून फेकले होते.

आपणच विसरलो असू, त्यानं स्वतःला समजावलं. दुःखात माणसाला डावं-उजवं कळत नाही. त्या दिवशी त्यानं कापलं नाही, पाणी तेवढं बदललं.

धुकं उठलं नाही. फुलंही हलली नाहीत. एव्हाना पाकळ्या काचेसारख्या व्हायला हव्या होत्या, काठ करपायला हवे होते. पण ती नुकतीच खुडल्यासारखी होती. एकच बदल झाला होता. कागदात करकचून बांधलेली असूनही सगळ्यांच्या माना एका बाजूला वळल्या होत्या, पायऱ्यांकडे. ट्यूलिप कापल्यावरही वाढते आणि उजेडाकडे वळते, हे क्राइनला ठाऊक होतं. पण झडप लावली की तळघरात उजेड कसला? त्यानं बादली फिरवून ठेवली. पुढच्या सकाळी माना पुन्हा पायऱ्यांकडे, जणू तिथून कुणीतरी उतरायचं होतं.

त्याच दुपारी तो वर टेबलाशी पाव कापत होता. खिडकीबाहेर धुकं काचेला तोंड लावून उभं होतं. घरात आवाज नव्हता, आणि मग आला. फरशीखालून.

खच्.

थांबला. पुन्हा, सावकाश... खच्.

धारदार चाकूनं रसरशीत देठ कापल्याचा आवाज. क्राइन जन्मभर तो ऐकत आला होता. त्यानं आपल्या चाकूकडे पाहिलं. तो टेबलावर होता. खाली दुसरा चाकू नव्हता.

 पळून नेलच्या दारात जावं, असं पायांना वाटत होतं. त्यानं पायांचं ऐकलं नाही. झडपेशी गेला आणि कडी धरून वर ओढली. आतून ओल्या मातीचा वास वर आला. तळघर विटांचं होतं, तिथं माती नव्हती. खालचा आवाज थांबला. अंधारात फक्त पाणी ठिबकत होतं.

“ग्रादा...?”

ठिबक... ठिबक...

एक पायरी उतरायला त्यानं पाऊल खाली टाकलं, आणि खालच्या पायरीवर काहीतरी बाजूला सरलं. वाट दिल्यासारखं.

म्हातारा खाली गेला नाही, पण मागेही फिरला नाही. तो पहिल्याच पायरीवर बसला. बराच वेळ बसला. मग खालच्या अंधाराला, रोजच्या आवाजात म्हणाला, “टिली यायची आहे अजून. तुला थांबायचं तर थांब. मीही थांबतोय.”

त्यानं ताज्या पाण्याची झारी भरून वरच्या पायरीवर ठेवली आणि झडप लावून घेतली. त्यानंतर तो खाली उतरला नाही. रोज सकाळी झारी रिकामी असायची आणि तो भरायचा. त्यानं एक दिवस चुकवला नाही.

शेवटी वारा फिरला. धुकं फाटलं, कालव्यापलीकडचे रंग पुन्हा दिसायला लागले आणि दुपारच्या बसनं टिली आली. उन्हानं रापलेली, रुंद झालेली, पण चालण्यात अजून तीच पोर. दारातच तिनं बापाला मिठी मारली, आणि आईची खुर्ची दिसल्यावर तिचा धीर सुटला.

“थांब,” क्राइन म्हणाला. “तुझ्या आईनं तुझ्यासाठी ठेवलंय काही.”

त्यानं झडप उघडली. बादली वरच्या पायरीवर होती. त्यानं ती तिथं ठेवली नव्हती.  कागद सोडून फुलं टेबलावरच्या काचेच्या भांड्यात ठेवली. पांढरी, टणक, दवात भिजल्यासारखी.

“आईनं? बाबा, पण आईला जाऊन तर...”

“गेली त्या सकाळी कापली तिनं. मी राखली.”

टिलीनं वाकून फुलांवर गाल टेकला. पहिली पाकळी तेव्हाच गळाली. मग दुसरी. मग सगळ्याच, घाई न करता, एकेक करून टेबलावर उतरल्या. क्राइनला वाईट वाटलं नाही. काम झालं होतं. टिली रडत रडत पाकळ्या रुमालात वेचू लागली.

नेल सूपचं पातेलं घेऊन केव्हाची मागच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पातेलं उंबऱ्यावर ठेवून तिनं क्राइनला खुणेनं बाहेर बोलावलं, रिकाम्या वाफ्यापर्यंत नेलं. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता.

“तुला सांगणार नव्हते,” ती कुजबुजली. “पण माझ्याच्यानं आता राहवत नाही. ग्रादा गेली त्या संध्याकाळी कॉफीची मोठी किटली आणायला मी तळघरात गेले होते. बादली पालथी होती रे... कोरडी. आणि इथं वाफ्यात फुलं उभी होती, सगळी. म्हटलं, उद्या दोन तिच्या हातात देऊ. सकाळी आले तर वाफा मोकळा. आणि पुढच्या खोलीत निजवलेली ती, तिच्या बाह्या... कोपरापर्यंत ओल्या. टाचांना माती. तू खुर्चीत झोपला होतास, तुला उठवलं नाही. दार लावून घेतलं आणि पाणी तापवलं... ग्रादाला मी दोनदा आंघोळ घातली, क्राइन.”